जिन्याखालचे कपाट आणि साताऱ्याचे फोटो

इल्फर्डमधल्या एकमेकांना चिकटून बांधलेल्या जुन्या घरांत जिन्याखाली एक कपाट असते. गॅसचा मीटर, व्हॅक्यूम क्लीनर, चिखलाचे बूट आणि भारतातून हौसेने आणलेली पण गणपतीशिवाय कधी बाहेर न निघालेली समई, असा त्यातला संसार आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा असेल. आमच्या कपाटात आणखी एक भाडेकरू आहे. दोन जाड शब्दकोश शेजारी ठेवावेत एवढी काळी पेटी, मागे दोन वायरी, पुढे एक हिरवा दिवा. हा आमचा घरचा फाइल सर्व्हर. घरातला कोणताही संगणक उघडला की या पेटीतले सामायिक फोल्डर समोर येतात: फोटो, कागदपत्रे, गाणी, मंडळाच्या नाटकांची चित्रणे.

गेल्या संक्रांतीच्या कार्यक्रमात दोन कुटुंबांनी विचारले, "तुमच्याकडे सगळं एकाच जागी कसं असतं हो? आम्हालाही तसं लावून द्या ना." मी "देऊ की" म्हणालो खरा, पण घरी येताना गाडीत विचार करत राहिलो. नुसती जुळणी करून देणे म्हणजे एका दुपारचे काम. परंतु आमची पेटी आज जशी आहे तशी होण्यामागे चाळीस वर्षांचा एक इतिहास आहे आणि आमच्या घरातली एक चूक आहे. पहिला ठाऊक नसेल तर दुसरी टळत नाही, हे मी किंमत मोजून शिकलो. म्हणून हा लेख. मी पेशाने स्थापत्य अभियंता आहे, संगणकतज्ज्ञ नव्हे. तज्ज्ञांनी सांभाळून घ्यावे.

इल्फर्ड हे नाव मला इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. वडिलांचा साताऱ्यात फोटो स्टुडिओ होता, 1954 साली सुरू केलेला. त्याच्या काळोख्या खोलीतल्या फळीवर इल्फर्डच्या फिल्मचे आणि कागदाचे डबे असत. लहानपणी मला वाटे, इल्फर्ड हे कोणा साहेबाचे नाव असावे. 1988 साली नोकरीनिमित्त लंडनला आलो आणि घर शोधताना एका स्टेशनावर तेच नाव वाचले तेव्हा उलगडा झाला. आल्फ्रेड हर्मन नावाच्या गृहस्थाने 1879 साली याच गावात फोटोच्या कोरड्या काचा बनवायला सुरुवात केली आणि पुढे कंपनीने गावाचेच नाव घेतले. मी आलो तोवर इथला कारखाना केव्हाच बंद झाला होता. इल्फर्ड नावाची कृष्णधवल फिल्म आजही बनते, पण ती चेशायरमधल्या मॉबर्ली इथे. वडिलांना मी पहिल्याच पत्रात कळवले, "तुमच्या डब्यांच्या गावात राहतो आहे." त्यांनी उलटटपाली विचारले, "तिथे फिल्म स्वस्त मिळते का?"

सामायिक फोल्डर मी प्रथम पाहिला तो 1990 नंतर कचेरीत. तोवर एकाचा नकाशा दुसऱ्याला द्यायचा म्हणजे फ्लॉपी खिशात घालून जिना चढायचा. एके सोमवारी सगळ्यांच्या संगणकांवर 'एफ ड्राइव्ह' नावाची नवी जागा अवतरली. ती होती नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअरची. त्या काळी अशा कचेऱ्यांत तिचेच राज्य होते. मी तळमजल्यावर जतन केलेला नकाशा तिसऱ्या मजल्यावरचा माणूस उघडत होता. त्या सोयीचे कौतुक ओसरायच्या आत, कोणीतरी माझ्या नकाशावर स्वतःचा नकाशा जतन केला आणि माझे दोन दिवसांचे काम गेले. सामायिक जागेचा पहिला धडा तेव्हाच मिळाला होता. तो मी घरी आणला नाही.

आज घरोघरी फोल्डर सामायिक करण्यासाठी जी भाषा संगणक बोलतात तिचे मूळ मात्र नेटवेअरमध्ये नाही. ती आयबीएममध्ये जन्मली. 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बॅरी फायगेनबाउम या अभियंत्याने अशी युक्ती काढली की दुसऱ्या यंत्रावरची फाइल आपल्याच डिस्कवर आहे असे आपल्या संगणकाला वाटावे. या भाषेला पुढे एसएमबी, म्हणजे सर्व्हर मेसेज ब्लॉक, हे नाव पडले. त्याच सुमारास, 1983 साली, सायटेक या कंपनीने आयबीएमसाठी नेटबायोस तयार केले. त्यात प्रत्येक यंत्राला नाव असे आणि त्या नावासाठी सोळा घरे. मायक्रोसॉफ्टने शेवटचे घर 'हे यंत्र कोणते काम करते' हे सांगण्यासाठी राखून ठेवले, म्हणून नावाला उरली पंधरा. माझ्या पहिल्या सर्व्हरला मी हौसेने लांबलचक नाव दिले होते, ते शेपूट तुटून दिसू लागले तेव्हा हा चाळीस वर्षांपूर्वीचा निर्णय मला भेटला.

नेटबायोसची रीत चाळीतली होती. कोणी हवा असेल तर गॅलरीत उभे राहून हाक मारायची. ज्याचे नाव असेल तो 'ओ' देईल. दहा-वीस यंत्रे असतील तोवर हे छान चालते. पण पलीकडच्या चाळीत हाक पोचत नाही. म्हणून मार्च 1987 मध्ये हीच हाक इंटरनेटच्या पद्धतीवर बसवण्याचे नियम प्रसिद्ध झाले आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ते आपल्या यंत्रणेत घेतले. ऑक्टोबर 1992 मध्ये विंडोज फॉर वर्कग्रुप्स आले आणि सामान्य माणसाला स्वतःच्या संगणकावरचा फोल्डर इतरांना खुला करता येऊ लागला. ऑगस्ट 1995 मध्ये विंडोज 95 बरोबर 'नेटवर्क नेबरहूड' आले, म्हणजे पडद्यावर आळीच मांडली.

आता या कथेतला माझा आवडता भाग. डिसेंबर 1991 मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथल्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल हा पीएच.डी.चा विद्यार्थी होता. त्याला आपल्या पीसीवरून विभागातल्या युनिक्स यंत्रावरच्या फाइली हव्या होत्या. पीसीवरचे सॉफ्टवेअर जी भाषा बोले तिचा तपशील त्याच्याजवळ नव्हता. त्याने तारेवरून जाणारे संदेश टिपायला सुरुवात केली. हा काय विचारतो, तो काय उत्तर देतो, मग हा काय करतो. असे ऐकत ऐकत त्याने त्या भाषेत उत्तरे देणारा प्रोग्राम लिहिला आणि तो सर्वांना फुकट देऊन टाकला. पुढे त्याने ही पद्धत समजावताना फ्रेंच कॅफेचा दाखला दिला: फ्रेंच येत नसलेला माणूस कॅफेत बसून गिऱ्हाईक आणि वेटर यांचे संभाषण रोज ऐकत राहिला तर त्याला हळूहळू मागणी करता येऊ लागते.

हे वाचून मला हसू आले. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी बसच्या वरच्या मजल्यावर बसून हेच करत होतो. व्याकरण साताऱ्याच्या शाळेत पक्के झाले होते. पण पूर्व लंडनचा माणूस दुकानात प्रत्यक्ष काय बोलतो हे कोणत्या पुस्तकात असणार?

ट्रिजेलच्या प्रोग्रामचे आधीचे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या मालकीचे निघाले. तेव्हा त्याने संगणकाला शब्दकोशातून एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शोधायला सांगितले. यादीत 'साम्बा' होता. 1994 पासून हेच नाव चालते. आज घरगुती सर्व्हर म्हणून बाजारात मिळणाऱ्या पेट्यांपैकी बहुतेकींच्या पोटात लिनक्स आणि साम्बाच असतात.

मात्र नुसते ऐकून शिकलेल्या भाषेला मर्यादा असते. विंडोजची भाषा बदलत होती आणि तिचे नियम छापलेले नव्हते. मार्च 2004 मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला सुमारे 49.7 कोटी युरो दंड केला आणि इतरांच्या सर्व्हरना जुळवून घेता यावे एवढी माहिती देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर 2007 मध्ये युरोपीय न्यायालयाने तो मुख्यतः कायम ठेवला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात साम्बाच्या वतीने करार झाला आणि एकरकमी दहा हजार युरो भरून ती कागदपत्रे साम्बा लिहिणाऱ्यांच्या हाती आली. ऐकून शिकलेल्याला अखेर व्याकरणाचे पुस्तक मिळाले.

आमच्या जिन्याखाली साम्बा आला तो याच 2007 साली. आधी, 2004 मध्ये, वडील गेले. स्टुडिओ बंद करताना मोठ्या भावाने निगेटिव्हचे खोके माझ्याकडे दिले आणि सांगितले, "तुझ्याकडे स्कॅनर आहे. काढून घे आणि परत आण." एकूण 412 निगेटिव्ह निवडून काढल्या. लग्ने, मुंजी, शाळेचे वर्ग, कृष्णेचा पूर, राजवाड्यासमोरची गर्दी. आणि अधूनमधून, गिऱ्हाइकाच्या रोलच्या शेवटी उरलेल्या एखाद-दुसऱ्या चौकटीत, आमची आई. ते ठेवण्यासाठी एक टाकाऊ पीसी घेतला, त्यात दोन डिस्क बसवल्या आणि कपाटातली पावसाळी बुटांची जागा त्याला दिली.

जुळणीतली पहिली अडचण पत्त्याची. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक क्रमांक देतो, बहुधा 192.168 ने सुरू होणारा. फेब्रुवारी 1996 मध्ये ठरलेल्या नियमाने हे क्रमांक खाजगी जाळ्यांसाठी राखीव आहेत, त्यामुळे तुमच्या आणि माझ्या घरात एकच क्रमांक असला तरी बिघडत नाही. जसे नंबर 12 चे घर प्रत्येक रस्त्यावर असते. हा क्रमांक राउटर ठराविक मुदतीने भाड्याने देतो. पाहुण्या फोनला ते ठीक. पण सर्व्हरचा पत्ता बदलत राहिला तर घरचे त्याला शोधणार कुठे? म्हणून राउटरमध्येच 'या यंत्राला कायम हाच क्रमांक' अशी नोंद करावी. मी ती न करता क्रमांक पेटीत हाताने लिहिला होता. वर्षभराने राउटर बदलला, नव्याचे क्रमांक 192.168.1 ऐवजी 192.168.0 ने सुरू होत होते आणि पेटी आपल्या जुन्या रस्त्यावर एकटीच उभी राहिली.

दुसरी अडचण आळीच्या यादीची. जुन्या पद्धतीत आळीतली यंत्रे आपापसात निवडणूक घेत आणि जिंकणारा सर्वांच्या नावांची यादी ठेवी. संध्याकाळी कोणी लॅपटॉप चालू केला की फेरनिवडणूक, बंद केला की पुन्हा. आपल्या मंडळाची कार्यकारिणी त्या मानाने फारच शांततेत निवडली जाते! साम्बात या निवडणुकीतले वजन आकड्याने ठरवता येते. मी 65 लिहिले आणि पेटीला तहहयात अध्यक्ष करून टाकले.

तिसरी गोष्ट अडचण आहे हे मला कळलेच नाही. ती होती आपल्या लिपीची.

विंडोज 2000 च्या आधी मराठी लिहायची तर प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि त्याचे आतले आकडेही वेगळे. फाइलीचे नाव देवनागरीत देणे दूरच. भारतात इस्की या नावाने भारतीय लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक ठरले होते. 1988 च्या मसुद्यावर आधारून युनिकोडच्या ऑक्टोबर 1991 च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. म्हणजे ट्रिजेल कॅनबेरात तारेला कान लावून बसायच्या दोनच महिने आधी. हे दोन धागे एकत्र आले ते सप्टेंबर 2003 मध्ये, साम्बाच्या तिसऱ्या आवृत्तीने युनिकोड नीट स्वीकारले तेव्हा. त्यामुळे 2007 साली मी अभिमानाने फोल्डरला मराठी नाव देऊ शकलो. ते असे:

सातार्‍याचे फोटो

2009 च्या हिवाळ्यात नवा संगणक घेतला. तो अजून जाळ्याला जोडला नव्हता, म्हणून उरलेल्या निगेटिव्ह त्याच्यावरच स्कॅन केल्या आणि त्याच नावाचा फोल्डर केला:

साताऱ्याचे फोटो

वाचकहो, दोहोंत काही फरक दिसतो का? मलाही दिसला नाही. पण मराठीतला हा आडवा, पापणीसारखा 'र' संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पहिल्या नावात साधा 'र', हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह आहे. जुन्या संगणकावरची टंकन प्रणाली तसे लिही. दुसऱ्या नावात खास मराठीसाठी वेगळा ठेवलेला, खाली नुक्ता असलेला 'ऱ' आणि हलंत आहे. डोळ्यांना एकच शब्द, यंत्राला दोन. त्यामुळे नवा फोल्डर पेटीत टाकला तेव्हा तो जुन्यात मिसळला नाही, शेजारी उभा राहिला. यादीत एकाच नावाचे दोन फोल्डर पाहून मी चकित झालो आणि म्हणालो, सवडीने एकत्र करू. आपल्या घरांतली 'सवडीने' म्हणून ठेवलेली कामे किती, हे काय सांगावे! त्याच उन्हाळ्यात निगेटिव्हचे खोके साताऱ्याला परत पोचवले.

2011 मध्ये पेटीची डिस्क भरत आली. मी कामात होतो. चौदा वर्षांच्या लेकीला म्हटले, "जरा नको ते काढून जागा करून ठेव गं." पेटीवर सर्वांना सगळी मोकळीक होती, म्हणजे वाचणे, लिहिणे, पुसणे, सगळे. पासवर्डही नव्हता. घरच्या माणसांत कसला पासवर्ड, असे माझे तेव्हाचे तत्त्वज्ञान. तिने दोन फोल्डर पाहिले, एकाच नावाचे. दोन्ही उघडले. आत स्कॅन 001, स्कॅन 002 अशी तीच नावे, कारण नव्या संगणकावर स्कॅनरने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली होती. पोरीने विचार केला तो अगदी बरोबर होता: ही दुहेरी नक्कल आहे. तिने एक पुसला.

हे आम्हाला कळले 2013 मध्ये, आईच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी फोटो छापायला काढले तेव्हा. फोल्डर एकच होता, आत 152. पहिले 260, म्हणजे 1954 पासूनची दहा-बारा वर्षे, नव्हती. जाळ्यावरच्या फोल्डरातून पुसलेली फाइल आपल्या संगणकाच्या कचरापेटीत येत नाही. ती थेट जाते, हे मला तेव्हा कळले. दोन डिस्कवर मी निर्धास्त होतो. पण एकीवरचे तत्क्षणी दुसरीवर लिहिणारी जोडी डिस्क बिघडली तर वाचवते. 1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अशा जोडण्यांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्यातली खबरदारीही डिस्कच्या बिघाडासाठीच होती. माणसाने पुसले तर जोडीही इमानदारीने दोन्हीकडे पुसते. वर दोन वर्षांचे नवे लिखाण झालेले. साताऱ्याला फोन केला. भावाने ट्रंक उघडली. दमट हवेने निगेटिव्ह एकमेकींना चिकटून त्यांची वीट झाली होती.

लेक जिन्यात बसून रडत होती. "बाबा, मला वाटलं दोनदा झालंय." मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या रात्री, नातेवाइकांना पूर्वी कोणते फोटो पाठवले होते हे शोधताना, भावाला लिहिलेल्या एका जुन्या ईमेलमध्ये पेटीतल्या फोल्डरांची यादी चिकटवलेली सापडली. दोन्ही नावे एकाखाली एक. त्यातली अक्षरे एकेक करून त्यांचे युनिकोड क्रमांक पाहिले. एकात 0930, 094डी, 200डी. दुसऱ्यात 0931, 094डी. मग सगळे ध्यानात आले. दोन नावे मी लिहिली होती, एकत्र करण्याचे मी टाळले होते, मोकळीक मी दिली होती आणि पुसायलाही मीच सांगितले होते. रात्रीच तिला उठवून पडद्यावर ते आकडे दाखवले आणि माफी मागितली. ती झोपेत म्हणाली, "म्हणजे ते खरंच वेगळे होते?" तिला दोन वर्षांपूर्वीच्या कामाची नव्हे, स्वतःच्या डोळ्यांची खात्री हवी होती.

ईमेलांतून आणि पुण्याच्या मामेभावाच्या संगणकातून 71 फोटो लहान आकारात परत मिळाले. 189 गेले ते गेले.

यानंतर जी जुळणी केली ती मी आता प्रत्येकाला सांगतो. युनिक्सच्या जुन्या रीतीने प्रत्येक फाइलला एक मालक, एक गट आणि बाकीचे सगळे असे तीन थर असतात आणि प्रत्येक थराला वाचणे, लिहिणे यांचे हक्क वेगवेगळे देता येतात. आपल्याला हे कठीण वाटू नये. सातबाऱ्यावर सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आणि बारामध्ये पीक कोणते, हे वेगळे लिहिलेले असतेच. कसतो तो विकू शकेलच असे नाही. साम्बात कुलपे दोन आहेत: एक सामायिक फोल्डरवर, दुसरे आतल्या फाइलींवर. दोन्हींपैकी जे कडक ते लागू. बाहेरचे उघडूनही फाइल लिहिता येत नसेल तर आतले पाहावे. इथेच लोकांची अर्धी संध्याकाळ जाते.

आमच्याकडे आता दोन मुख्य फोल्डर आहेत. 'जपणूक' सर्वांनी पाहायचा, लिहिण्याचा हक्क एका वेगळ्या खात्याला, आणि ते खाते फक्त नवे काही ठेवायचे तेव्हाच उघडायचे. माझ्या रोजच्या खात्यालाही तिथे पुसता येत नाही. 'ये-जा' सर्वांना मोकळा, पण साम्बाची कचरापेटीची सोय चालू केलेली, म्हणजे पुसलेले महिनाभर बाजूला राहते. दर रविवारी सगळ्याची नक्कल एका वेगळ्या डिस्कवर होते. अशा डिस्का दोन आहेत आणि त्यांतली एक नेहमी मित्राच्या घरी रॉमफर्डला असते. देवनागरी नावांसाठी सर्वांनी एकच कळफलक वापरायचा. लेकीच्या मॅकने तिसरीच गंमत दाखवली: 2017 पर्यंत मॅकची मुख्य फाइलव्यवस्था या 'ऱ'चे 'र' आणि नुक्ता असे दोन तुकडे करून साठवत असे. म्हणून महत्त्वाच्या फोल्डरांच्या नावाआधी आता वर्ष आणि आकडा असतो. आकड्यांत असा घोटाळा होत नाही. आणि नाव फार लांबवू नये. लिनक्सवर एका नावाला 255 बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खाते. म्हणजे जेमतेम 85 चिन्हे.

एक धोका मात्र घराबाहेरून आला. 12 मे 2017 च्या शुक्रवारी वॉनाक्राय नावाचा किडा एसएमबीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीच्या विंडोजमधल्या भोकातून जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टने त्यावरचे ठिगळ 14 मार्चलाच दिले होते, पण ते सर्वांनी लावले नव्हते. इंग्लंडमधल्या सुमारे एक तृतीयांश एनएचएस ट्रस्टना झळ पोचली आणि रुग्णांच्या 19,000 हून अधिक भेटी रद्द झाल्याचा अंदाज पुढे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने दिला. आपल्या मंडळातली किती माणसे एनएचएसमध्ये आहेत हे मी सांगायला नको. त्याच महिन्याच्या 24 तारखेला साम्बातही एक गंभीर भोक जाहीर झाले, तेही लिहिण्याची मोकळीक असलेल्या फोल्डरातून आत येण्याचे. मी पेटीचे सॉफ्टवेअर ताजे केले आणि जुनी भाषा बंद केली.

काही महिन्यांनी विंडोज 10 च्या शरद ऋतूतल्या आवृत्तीनेही नव्या जुळणीत ती जुनी भाषा काढून टाकली. तिच्याबरोबर आळीची यादी आणि ती निवडणूकही गेली. आमची तहहयात अध्यक्ष असलेली पेटी यादीतून गायब झाली आणि घरात पुन्हा धस्स झाले. पण या वेळी फोटो गेले नव्हते, फक्त दारावरची पाटी गेली होती. पत्त्याच्या पट्टीत दोन तिरक्या रेघांनंतर पेटीचा कायमचा क्रमांक लिहिला आणि सगळे समोर आले. तेव्हा, मंडळी, पेटी यादीत दिसत नाही म्हणून जुनी भाषा पुन्हा चालू करू नका. आणि परदेशातून फोटो दिसावेत म्हणून राउटरमधून 445 क्रमांकाचे दार बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका; त्यासाठी व्हीपीएनचा वेगळा, सुरक्षित रस्ता असतो.

आईच्या कार्यक्रमाचे राहिलेच. साताऱ्याच्या घरी भिंतीवर आम्ही 152 आणि 71 असे सगळे फोटो लावले. तिने हळूहळू सगळी भिंत पाहिली आणि विचारले, "पुराचा कुठाय? ज्यात मी पायरीवर उभी आहे?" मी काही बोलायच्या आत लेकीने सांगून टाकले, "आजी, तो माझ्या हातून गेला." आईने तिला जवळ बसवले आणि तो फोटो सांगितला: लुगडे कोणते, पाणी कुठल्या पायरीपर्यंत, वडील कुठे उभे होते आणि कसे ओरडत होते, "हलू नकोस." लेकीने फोन काढून ते ध्वनिमुद्रित केले. मग दुसरा, मग तिसरा. तीन दिवसांत आईने आठवतील तसे 43 फोटो सांगितले.

आई 2019 मध्ये गेली. त्या 43 फाइली 'जपणूक'मध्ये आहेत. फोल्डरचे नाव लेकीने स्वतः टंकले आहे आणि त्यात 'ऱ' येऊ दिलेला नाही. ज्यांना अशी पेटी लावून हवी असेल त्यांनी एखादा शनिवार सांगावा, आम्ही दोघेही येऊ. येण्याआधी एवढेच करून ठेवा: घरात कोणते फोटो एकाच ठिकाणी आहेत, त्याची यादी कागदावर.